फ्लास्कखालची फुली

राठोड मॅडमचं नाव निघालं की आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही सगळे एकदम बोलायला लागतात, आणि मी डबा बंद करते. मला राग येतो. त्या कॉलेज सोडून गेल्या, खुर्चीवर दुसरं माणूस आलं, तरी येतो. एखाद्या माणसावर इतका काळ जळत राहायचं म्हणजे त्या माणसात काहीतरी असलंच पाहिजे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आमचं कॉलेज कळमनुरीत. अकरावी-बारावी सायन्सला केमिस्ट्री शिकवणाऱ्या आम्ही दोघी. मी आधीची, त्या नंतर आलेल्या. माझं सासर हट्ट्याचं, घरची हळदीची शेती, पण नोकरीमुळं आम्ही राहतो कळमनुरीत. माझं अक्षर टपोरं. माझा फळा डाव्या कोपऱ्यात सुरू होतो आणि तास संपताना बरोबर उजव्या कोपऱ्यात संपतो. माझ्या नोट्स हिंगोलीच्या झेरॉक्सवाल्यांकडंसुद्धा मिळतात. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे येणार आहे त्यात माझ्याबद्दल चांगलं बोलायला फारशी जागा उरणार नाही.

राठोड मॅडम औंढ्याकडच्या एका तांड्यावरच्या. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या, खुर्ची ओढली आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं की नवरा पुण्याला कंपनीत आहे, मूलबाळ नाही, दवाखाने झाले, देवही झाले, तेव्हा आता त्यावर कोणी उपाय सुचवू नये. एवढं बोलून त्यांनी माझ्या उघड्या डब्यात डोकावून पाहिलं. "ठेचा हाय का?" म्हणाल्या, आणि माझ्या डब्यातला पहिला घास माझ्याआधी त्यांनी खाल्ला.

तो त्यांचा रोजचाच नेम झाला. स्वतःचा डबा त्या आणायच्या, पण तो कपाटातच राहायचा. आधी माझ्या डब्यातली चपाती मोडायची, भाजीला लावायची, डोळे मिटून चावायची, आणि मग "जेवा आता" असं मलाच सांगायचं. मी एकदोनदा जागा बदलून पाहिली. त्या खुर्चीसकट तिकडं आल्या.

बाकी सवयीही अशाच. माझं स्टेपलर नेलं की परत यायचं नाही. फळा पुसायला डस्टर घ्यायच्या नाहीत, तळहातानं पुसायच्या आणि तोच हात केसांवरून फिरवायच्या, त्यामुळं दुपारपर्यंत त्यांचे केस अर्धे पिकलेले दिसायचे. ॲप्रनला ॲसिडनं भोकं पडलेली. आलेखाचे अक्ष काढले तर दोन्ही एकमेकांवर रुसल्यासारखे वाकडे. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा कायम. पालीला इतक्या घाबरायच्या की एकदा अख्खा तास त्यांनी व्हरांड्यात घेतला. आणि वर्गातसुद्धा घरच्यासारखंच बोलायच्या. काहून, लई, करून राहिले. प्राचार्यांनी एकदा समजावलं की सायन्सच्या वर्गात जरा प्रमाण भाषा बरी दिसते. त्या व्हय म्हणाल्या आणि पुढच्या तासाला तसंच बोलल्या.

अशा बाईवर जळायचं कारण काय? कारण आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये भिंत प्लायवूडची होती. मला सगळं ऐकू यायचं.

अभिक्रियेच्या वेगाचा धडा मी कितीतरी वर्षं शिकवत आले होते. अभिकारकांची संहती वाढली की अभिक्रियेचा वेग वाढतो, हे वाक्य मी सावकाश, दोनदा सांगते, म्हणजे मुलांना उतरून घेता येतं. मग सूत्र, मग उदाहरण. मुलं मान खाली घालून लिहितात, कोणाची तक्रार नसते. त्या दिवशी मी ते वाक्य दुसऱ्यांदा सांगत होते आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. मी थांबले, तर माझ्या वर्गातली मुलंही कान देऊन ऐकायला लागली.

"सकाळी बाजार लागताना जा," त्या सांगत होत्या. "चार माणसं. कोणाचा कोणाला धक्का लागत न्हाई. तेच दुपारी जा. पाय ठेवायला जागा न्हाई. धक्के वाढतेत का न्हाई?"

"वाढतेत," वर्ग म्हणाला.

"पण प्रत्येक धक्क्याला भांडण होतं का? न्हाई. भांडण व्हायला धक्का जोरात बसावा लागतो, अन् बराबर जागी बसावा लागतो. नुसता खांदा घासला तर माणूस वळून बघतं अन् पुढं जातं. पण धक्केच वाढले, तर भांडणं वाढणार का न्हाई? झालं मग. गर्दी म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, अन् भांडण म्हणजे रिॲक्शन."

माझ्या वर्गातला एक मुलगा हळूच "हां" म्हणाला. माझ्या वर्गातला. मी इतकी वर्षं तो धडा शिकवला, पण असं "हां" मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांनी सगळी बॅच बाजारात नेली, कोणाला न विचारता. एकदा दुकानं मांडली जात असताना आणि एकदा भर गर्दीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं सरळ चालायचं आणि काय झालं ते येऊन सांगायचं. मुद्दाम धक्का मारणाऱ्याला शून्य मार्क. सकाळी काहीच घडलं नाही. दुपारी मात्र एका मुलाचा धक्का लागून एका मावशीचा वांग्यांचा ढीग गडगडत रस्त्यावर गेला, आणि ती मावशी शिव्या देत मुलांच्या मागं थेट कॉलेजात आली.

मला बातमी कळली तेव्हा खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. सह्या घ्यायच्या निमित्तानं मी हजेरीपट घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. आज हिची कानउघाडणी होणार, आणि ती मी प्रत्यक्ष बघणार, असं मनात होतं. राठोड मॅडमनी प्राचार्यांना आणि मावशीला एकत्रच धडा समजावून सांगितला. सकाळी कमी गर्दीत काही झालं नाही, दुपारी झालं, म्हणजे मुलांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते झालं बाई. पण माझ्या वांग्याचं काय?" प्राचार्य इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. राठोड मॅडमनी ती सगळी वांगी विकत घेतली आणि स्टाफमध्ये वाटली. प्राचार्यही पिशवी घेऊन घरी गेले. माझ्याही वाट्याला आली. घरी भाजी केली तर माझी मुलगी ऋतुजा म्हणाली, आजची भाजी लई भारी झालीय.

पुढच्या वर्षी मी ठरवलं की आपणही बाजाराचं उदाहरण द्यायचं. ते काही कोणाच्या बापाचं नव्हतं. "समजा आपण बाजारात गेलो," एवढं मी म्हणाले असेन, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, वांगी आणायची का?" सगळा वर्ग खदखदला. मी वळले आणि फळ्यावर सूत्र लिहिलं.

मग प्रॅक्टिकल परीक्षेची ती गोष्ट. ती आठवली की अजून माझे कान तापतात. फेब्रुवारीत परीक्षा असते आणि तेव्हाच आमच्याकडं घरोघरी हळद शिजवायचं काम चालू असतं. बाहेरच्या जिल्ह्यातून एक परीक्षक आले होते. परीक्षा रंगात आली असताना एक मुलगी किंचाळली. तिची बोटं लालभडक झाली होती. परीक्षक ओरडले, ॲसिड पडलं, पाणी आणा. मी धावत जाऊन औषधाची पेटी आणली, भाजल्यावरचं मलम शोधायला लागले. राठोड मॅडम शेंगदाणे चावत आल्या, मुलीचा हात नळाखाली धरला, बोटांचा वास घेतला आणि विचारलं, "घरी हळद शिजवून राहिले का गं?" मुलगी रडत रडत व्हय म्हणाली. तिच्या ब्युरेटची तोटी गळत होती, आणि कॉस्टिक सोड्याचं ते पातळ द्रावण हळदीच्या बोटांवर ओघळलं होतं. हळदीला असा सोडा लागला की ती लाल होते. हे मी दरवर्षी शिकवते.

राठोड मॅडमनी कोपऱ्यातल्या टेबलावरचा माझा डबा उघडला, त्यातली लिंबाची फोड काढली आणि त्या बोटांवर पिळली. लाल उतरून पुन्हा पिवळं झालं. मुलगी रडता रडता हसली. परीक्षकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. हळद आमच्या शेतात पिकते, लिंबू माझ्या डब्यातलं, आणि वाहवा राठोड मॅडमची. मी मलमाची ट्यूब हातात घेऊन उभी होते. घरी जाऊन मी नवऱ्याला हे सांगितलं तर तोही म्हणाला, हुशार बाई दिसते. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

इतपत सगळं ठीक होतं. कॉलेजातली जळफळ कॉलेजातच ठेवायची मला सवय होती. पण ऋतुजा दहावी होऊन आमच्याच कॉलेजात आली. प्रॅक्टिकलच्या दोन बॅच असतात, ए माझी आणि बी राठोड मॅडमची. आईच्या बॅचला मुलगी असली तर लोक बोलणार, म्हणून मी माझ्याच हातानं तिला बीमध्ये घातलं.

महिन्याभरात आमच्या घरात प्रत्येक जेवण "राठोड मॅडम म्हणल्या" या शब्दांनी सुरू व्हायला लागलं. ॲसिड लई उतावळं असतं, असं राठोड मॅडम म्हणल्या. काही अभिक्रियांमध्ये संहती वाढवली तरी वेग वाढत नाही, तहसीलच्या खिडकीसारखं, बाहेर कितीबी गर्दी करा, आत बाबू एकच, असं राठोड मॅडम म्हणल्या. मी म्हणायचे, त्याला शून्य कोटीची अभिक्रिया म्हणतात. ऋतुजा म्हणायची, हां मम्मी, तेच, आणि पुन्हा राठोड मॅडमकडं वळायची. माझ्याच घरात, माझ्याच ताटावर, मला त्या बाईचा आवाज ऐकू येत होता. पोरीला घास भरवला मी, अभ्यासाला बसवलं मी, तापात उशाशी बसले मी, आणि डोळे चमकायचे ते दुसरीच्या नावानं.

माझं एक स्वप्न होतं, ते इथं सांगायला हवं. माझं स्वतःचं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. ऋतुजा डॉक्टर होणार हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. नीटच्या परीक्षेसाठी रविवारी नांदेडला क्लास, बाकी दिवशी पहाटे सराव पेपर, भिंतीवर वेळापत्रक, मोबाइल माझ्या कपाटात. कोण काही म्हणालं की मी म्हणायचे, आत्ता कळ सोसली की पुढं आराम आहे. ऋतुजा काही म्हणायची नाही. मला वाटायचं, तिला पटलंय.

बारावीला वेग मोजायचं एक प्रॅक्टिकल असतं. कागदावर पेननं फुली काढायची, त्यावर फ्लास्क ठेवायचा. फ्लास्कमध्ये हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, त्यात ॲसिड ओतायचं. हळूहळू गंधक तयार होतं, पाणी दुधाळ होत जातं आणि वरून बघताना खालची फुली दिसेनाशी होते. ती दिसेनाशी व्हायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं. मग हायपो जास्त घेऊन आणि पाणी तेवढंच कमी करून पुन्हा. द्रावण जितकं घट्ट तितकी फुली लवकर जाते. साधं, स्वच्छ प्रॅक्टिकल. माझ्या बॅचला सगळ्यांच्या फुल्या एका मापाच्या असतात.

राठोड मॅडमच्या बॅचला फुलीच नसायची. "फुली काय काढता? जे तुमच्या डोक्यावर बसलंय ते लिहा, अन् घालवा," असं त्या सांगायच्या. मुलं काहीबाही लिहायची. कोणी फिजिक्स लिही, कोणी मोठ्या भावाचं नाव, कोणी गावाकडून सांगून आलेल्या स्थळाचं. दुधाळ पाण्याखाली ते नाव बुडालं की टेबलाभोवती आरडाओरडा. कोणाचं आधी जातं यासाठी चढाओढ लागायची, आणि सगळ्यात आधी घालवायचं तर द्रावण घट्ट घ्यावं लागतं, हे कोणाला सांगावं लागायचं नाही. फ्लास्क उचलल्यावर कागदावर नाव जसंच्या तसं असायचं. त्यावर त्या म्हणायच्या, "गेलं न्हाईच ते. फक्त तुमच्या अन् त्याच्या मधी काहीतरी आलं. तेवढं बी लई असतं कधीकधी."

मी त्या दिवशी खडू घ्यायला लॅबमध्ये गेले होते. खरं तर खडू माझ्या टेबलात होते, मला ऋतुजाला बघायचं होतं. ती खिडकीजवळ फ्लास्कवर वाकलेली होती. तिनं सगळ्यात घट्ट द्रावण घेतलं होतं. खाली कागदावर मोठ्या अक्षरात त्या परीक्षेचं नाव लिहिलं होतं, 'नीट'. तिनं ॲसिड ओतलं. लॅबभर काडी ओढल्यासारखा वास आला. शब्द पिवळट पांढऱ्या पाण्याखाली गेला आणि माझी मुलगी हसली. ते हसू मी घरात बघितलेलं नव्हतं. तिच्या शेजारी राठोड मॅडम मोबाइलवर वेळ मोजत उभ्या होत्या, आणि त्यांना मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

बॅच सुटेपर्यंत मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. मुलं गेल्यावर आत शिरले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या पोरीच्या डोक्यात तुम्ही काय भरवलं, दुसऱ्याच्या लेकराशी खेळ करणं सोपं असतं, असं बरंच. राठोड मॅडम फ्लास्क विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"म्या काही टाकलं न्हाई मॅडम," त्या म्हणाल्या. "टाकलं तुमी. घरी लई घट्ट करून ठेवलं तुमी. मी फक्त घड्याळ धरून उभी होते."

"मग तुमाला काहून सांगितलं तिनं?" मी म्हणाले. माझ्या तोंडून हट्ट्याची भाषा कधी आली ते मलाही कळलं नाही. "मला काहून न्हाई?"

त्यांनी हातातला फ्लास्क उजेडाकडं धरून बघितला.

"कारण मी तिची आई न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नळ सोडून फ्लास्क विसळायला लागल्या.

संध्याकाळी मी ऋतुजाला समोर बसवलं. तिनं सगळं सांगितलं. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं, तिला बीएस्सी करायचं होतं, मग एमएस्सी, आणि शिकवायचं होतं. काय शिकवायचं, मी विचारलं. केमिस्ट्री, ती म्हणाली. राठोड मॅडमसारखी.

हे वाक्य मला किती लागलं ते कसं सांगू? ती क्रिकेट खेळणार म्हणाली असती, शेती करणार म्हणाली असती, तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण केमिस्ट्रीची मॅडम! पोरगी केमिस्ट्रीच्या मॅडमच्या पोटी जन्मली, तिच्या घरात वाढली, आणि तिला केमिस्ट्रीची मॅडम व्हायचं होतं ते दुसरीलाच बघून. मी म्हणाले, घरात एक मॅडम आहे, ती तुला दिसली नाही का? ऋतुजा म्हणाली, "तू चांगलंच शिकवतेस मम्मी. पण तुझ्यासमोर चुकायची भीती वाटते." मी जेवले नाही.

नंतर बरेच दिवस मी राठोड मॅडमशी कामापुरतंच बोलले. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या माझ्या डब्यातला घास घेतच राहिल्या. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवून फक्त त्यांच्याकडंच बघत होते. घरी मात्र मी हळूहळू वेळापत्रक भिंतीवरून काढलं, मोबाइल परत दिला, पेपर किती सुटले ते विचारणं सोडलं. राठोड मॅडमचं ऐकून नव्हे. पोरगी पहिल्यासारखी बोलते का, एवढंच बघायचं होतं. पहिल्यांदा ती नुसतीच घरात फिरली. मग एका दुपारी स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसली आणि लहानपणीसारखी कणीक मागायला लागली. ऋतुजानं नीट दिली, ती जमली नाही, आणि ती नांदेडला बीएस्सीला गेली. मला अजून ते पुरतं पटलेलं नाही, हेही इथं सांगते. पण पहिल्याच परीक्षेच्या आधी तिचा फोन आला की मम्मी, तुझ्या वेगाच्या धड्याच्या नोट्स पाठव. मी म्हणाले, राठोड मॅडमच्या घे की. ती म्हणाली, त्यांनी कधी लिहून दिल्यात? मी त्या नोट्स रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. फोटो काढून पाठवता आला असता, पण जाडजूड पाकीट गेलेलं बरं वाटलं.

त्याच वर्षी राठोड मॅडम गेल्या. किनवटकडं एका आश्रमशाळेच्या कॉलेजात त्यांना कायमची जागा मिळाली. निरोपाचा कार्यक्रम झाला, मुलं रडली, प्राचार्यांनी भाषणात वांग्यांची गोष्ट सांगितली. मी हार घातला आणि फोटोत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या नांदेडच्या गाडीनं निघणार होत्या. ऋतुजा सुट्टीला आली होती, ती मला ओढतच स्टँडवर घेऊन गेली. बाजाराचा दिवस. पोती, कोंबड्या, शाळेची पोरं, सगळं एकाच फलाटावर. राठोड मॅडम एका ट्रंकेवर बसून शेंगदाणे खात होत्या. ऋतुजाला बघून त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला, गुळाचा खडा दिला आणि तिला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं. मग पर्समधून माझं स्टेपलर काढून माझ्या हातात दिलं. त्याआधीचंही एक दिलं. माझा एक स्टीलचा डबाही त्यांच्याकडं होता, केव्हातरी नेलेला. मी त्याची वाट बघत होते.

"डबा तेवढा राहू द्या माझ्याकडं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, राहू द्या, पण तुमचा स्वतःचा होताच की रोज, कपाटात.

"माझा एकलीचा डबा," त्या म्हणाल्या. "बाई दोन डबे भरायला बसली की दुसऱ्या डब्याची चव येगळी होते मॅडम. लेकराला आवडतं म्हणून चपातीला जरा तूप जास्त. लेकरू तिखट खात न्हाई म्हणून भाजीत गुळाचा खडा, अन् स्वतःसाठी ठेचा बाजूला. रोज उघडला की मला कळायचं, आज ऋतूला काय दिलंय ते." त्या शेंगदाण्याची टरफलं झटकायला लागल्या. "लई जळायचे मी तुमच्यावर. म्हणून पहिला घास घेऊन टाकायचे. तुमाला वाटायचं मला भूक लागलीय."

यावर माणसाला वाईट वाटायला हवं. मला वाटलंही, पण ते नंतर. आधी जे वाटलं ते असं, की ही बाई, जिच्यामागं सगळं कॉलेज वेडं होतं, ही माझ्यावर जळत होती. माझ्यावर. ती माझ्या डब्याकडं बघत होती आणि मी तिच्या वर्गाकडं कान लावून बसले होते. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच, त्या गर्दीत, त्यांचा हात धरला. "किनवटला लई ऊन असतं," असं काहीतरी म्हणाले.

तेवढ्यात गाडी लागली. फलाटावरची सगळी माणसं एकाच दाराकडं सुटली. राठोड मॅडम ट्रंक डोक्यावर घेऊन त्या गर्दीत घुसल्या. कोणाचा तरी धक्का त्यांना बसला, त्यांनी वळून बघितलं, मला वाटलं आता भांडतात, तर त्या हसल्या आणि आत गेल्या. ऋतुजा पाण्याची बाटली घेऊन धावत आली, ती बाटली मी खिडकीतून आत दिली. मग पोत्यांच्या आणि डोक्यांच्या मागं त्या दिसेनाशा झाल्या.

गाडी वळली तेव्हा शेवटच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात माझा स्टीलचा डबा होता आणि तो हात जोरजोरात हलत होता. आम्ही मायलेकी एकदमच हात करायला लागलो.

तो हात कोणाला होता, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. ऋतुजा म्हणते, तिला. ती त्यांची लाडकी होती, ती त्यांच्यासारखी शिकवणार आहे, मग आणखी कोणाला करतील? मी तिला म्हणते, डबा कोणाचा होता ते बघ.